न धुतलेला शर्ट

ता. ९ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि. (यातला ‘सा’ साष्टांगाचा धरू नका, गुडघे गेलेत. साधा धरा.)

पत्र बघून दचकलात ना? फोनवर तुम्हाला राग आला की तुम्ही फोन आपटता, आणि मला आला की मी तुमच्याही आधी आपटते. पत्राचं तसं नाही. आपटलं तरी अक्षरं काही सांडत नाहीत. म्हणून हा खटाटोप. गावच्या शाळेत सातवीपर्यंत गिरवलेलं अक्षर आहे, नाक मुरडू नका.

आधी कामाचं. मुंगीला नर्सिंगच्या शाळेत जागा मिळाली. एक एप्रिलला हजर व्हायचंय आणि राहायची सोय तुमच्याच वसतिगृहात आहे. म्हणजे पोरगी आत्याच्या डोळ्यांसमोर, आणि तुम्ही तिथल्या मेट्रन म्हटल्यावर खाटसुद्धा खिडकीजवळची. सगळं कळतंय मला. पण ती येणार नाही. तिच्या वडिलांची परवानगी नाही.

हे वाचून तुमचे डोळे चष्म्याबाहेर आले असतील. येऊ देत. कारण विचारू नका, सांगणार नाही.

पोरीने तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलंय. तिच्या वतीने भांडी बोलतात. वाटी अशी ठेवते की शेजारीण डोकावून जाते. मी तिला समजावलं की आई दुष्ट नाही, आई हुकमाची ताबेदार आहे. तर म्हणते, कुणाच्या हुकमाची ते तरी सांग. आत्यावर गेलीय, दुसरं काय.

इकडे इस्पितळाच्या लॉन्ड्रीत दोन नंबरचा ड्रम बंद पडलाय. चारशे चादरी एकाच ड्रमवर. मुकादम आमच्यावर खेकसतो, आम्ही चादरींवर.

लोभ असू द्या. तुमचा लोभ कसा असतो ते माहीत आहे, तरी असू द्या.

तुमची भावजय


ता. १५ फेब्रुवारी

माझ्या भांडकुदळ भावजयीला,
प्रभू येशूच्या नावात अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, थट्टा करतेस. दुसऱ्यांदा वाचल्यावर ते टेबलावर आपटलं. अक्षरं खरंच सांडली नाहीत.

माझा भाऊ जाऊन तीन वर्षं आणि दोन महिने झाले. त्याच्या पेटीवर पहिली माती मी टाकली. त्याची परवानगी नाही म्हणजे काय? कुणी विचारली त्याला? कुठल्या तोंडाने तो बोलला? बाई, तू लोकांना शेंड्या लावतेस हे मला माहीत आहे, पण पोरीच्या आयुष्याला लावू नकोस. चाळीस जागांसाठी सहाशे मुलींनी अर्ज केले होते. ती रात्रंदिवस अभ्यास करून पास झाली आणि तू मेलेल्या माणसाच्या नावावर तिची वाट अडवतेस.

खरं काय ते लिही. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

मला इथे ऐंशी मुली सांभाळायच्या असतात. रोज कुणी ना कुणी खोटं बोलते. खोटं बोलण्याआधी मुलगी कशी लाडात येते ते मी ओळखते. तुझं पत्र फार लाडात होतं.

आशीर्वाद आहेतच, पण या वेळी जरा आवळून धरलेत.

तुझी नणंद


ता. २० फेब्रुवारी

ती. वन्संना,
नमस्कार. वि. वि. नाही, कारण विनंती काही नाही.

आवळून धरलेले आशीर्वाद तुमचे तुम्हालाच लखलाभ. ऐकायचंच आहे ना, मग ऐका.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाववाली बसते ती आठवते? तिच्या दुकानाच्या मागे लाकडी जिना आहे. वरच्या खोलीत दोन खुर्च्या, फुलांचा विटका पडदा, बंद पडलेलं घड्याळ. तिथे एक बाई राहते. तिला सगळे मावशी म्हणतात. ती गेलेल्या माणसाचं बोलणं आणते. हे गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात पाववाली मला तिच्याकडे घेऊन गेली. तेव्हापासून दर गुरुवारी कामावरून सुटले की मी तिथे जाते. तीन वर्षं. घ्या, आता हाणा मला.

तुम्हाला तो शर्ट माहीत नसेल. निळ्या चौकडीचा. हे गेले त्या दिवशी अंगात होता तो. इस्पितळाने कागदी पिशवीत घालून माझ्या हातात दिला. उजव्या मनगटावर लिफ्टच्या ग्रीसचा डाग, कॉलरचं बटण तुटलेलं. मावशीने पहिल्याच दिवशी सांगितलं की हा शर्ट धुवायचा नाही. त्यात यांचा घाम आहे तोवर हे बोलतील. धुतला तर यांचं बोलणं बंद होईल आणि वर्षाच्या आत घरातलं दुसरं माणूस जाईल. घरात दुसरं माणूस कोण आहे? मुंगी.

तर तो शर्ट तीन वर्षं पत्र्याच्या पेटीत आहे. गुरुवारी बाहेर निघतो, मावशी नाकाशी धरते, डोळे मिटते आणि हे बोलतात. आणि हो, अशा बोलण्याने मावशीचं अंथरूण जड होतं म्हणे, म्हणून ते माझ्याच हाताने धुवावं लागतं. दर गुरुवारी तिच्या दोन चादरी आणि तीन अभ्रे मी घरी आणते. हसा आता. दुनियेचे कपडे धुणारी बाई, त्या सांगणारीच्या चादरी फुकट धुणारी बाई, आणि नवऱ्याचा एक शर्ट धुवायची तिला बंदी.

हे मला कधी प्रेमाने बोलत नाहीत. राग धरून बसलेत. दर वेळी मी विचारते की गेला का राग, आणि दर वेळी उत्तर येतं की अजून नाही, पुढच्या गुरुवारी बघू. कशाचा राग ते तुम्हाला सांगणार नाही. ते माझं आणि यांचं आहे.

गेल्या महिन्यात यांनी सांगितलं की मुंगीला माझ्या बहिणीच्या उंबऱ्यावर पाठवू नकोस, परत यायची नाही. ही परवानगी मी मागितली नव्हती, ती आपणहून आली.

रविवारी देवळात जाते, तिसऱ्या बाकावर बसते, गाणी तुमच्यापेक्षा सुरात म्हणते. पाळक हात मिळवून विचारतात की कसं चाललंय. मी म्हणते, छान.

लोभ असो नसो, तुमची मर्जी.

भावजय


ता. २६ फेब्रुवारी

प्रिय,
आशीर्वाद.

जाऊन त्या बाईचा जिना उपटून टाकावा असं वाटतंय. बाई जिन्यावर असतानाच.

तुला लाज कशी वाटली नाही? देवळातल्या मुलांच्या वर्गात फळ्यावर खडूने लिहून आपण शिकवायचो की मेलेल्यांना विचारायला जाऊ नका, जिवंत देव असताना. ‘जाऊ नका’ खाली दोन रेघा तूच मारायचीस. आणि आता तुझीच पोरगी त्या बाईच्या पडद्याला बांधून ठेवलीस. हे तू केलंस. तिने नाही. तिने दोरी दिली, गाठ तू मारलीस.

जास्त लिहीत नाही. एवढंच आठव. एका सेनापतीला कोड होतं. संदेष्ट्याने त्याला नदीत जाऊन सात वेळा धुवून घ्यायला सांगितलं, तर तो संतापला. एवढा लांब आलो आणि हा म्हणतो धू? तेव्हा त्याचे नोकर म्हणाले की काही अवघड सांगितलं असतं तर केलंच असतं ना, मग एवढं सोपं का नाही? तो गेला. धुतलं. बरा झाला. त्याला बरं पाण्याने केलं नाही, ऐकण्याने केलं.

शर्ट धू. मुलीला पाठव. तिसरं काही नाही.

तुझी नणंद


ता. २ मार्च

वन्संना,
नमस्कार, लांबूनच.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तुमच्या सेनापतीच्या अंगावर स्वतःचं कोड होतं. माझं तसं नाही. धुवायचं मी आणि मरायचं पोरीने. स्वतःच्या जिवावर असतं तर परवाच धुतला असता.

आणि मला वेडी समजू नका. गावच्या शाळेत शिकले तरी बाजारात कुणी मला फसवलेलं नाही. मावशी खोटी आहे असं मलाही वाटलं होतं. पैसे घेत नाही तेव्हा आणखीच संशय आला. पण पहिल्याच दिवशी तिने मला कात्री म्हणून हाक मारली. हे नाव यांनी ठेवलेलं, माझ्या जिभेवरून. चारचौघांत मी मुंगीची आई, दार लावलं की कात्री. ते नाव कुणाला माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट आता लिहिते, कारण तुम्ही गाठ मी मारली असं म्हणालात आणि ते मला फार लागलं. त्या दिवशी सकाळी यांना इस्त्रीचा शर्ट हवा होता. कुणी तपासनीस येणार होता. मी आदल्या दिवशी इस्त्रीच्या रोलरपाशी उभी राहून साडेतीनशे चादरी काढल्या होत्या, पाय सुजले होते. मी म्हटलं की दुनियेच्या इस्त्र्या करते, तुमची तुम्ही करा. हे हसले. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी तो चुरगळलेला शर्ट त्यांच्या अंगावर फेकला आणि म्हटलं की संध्याकाळी नाही आलात तरी चालेल.

नाहीच आले. दुपारी त्या उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्रखोलीत काम करता करता खाली बसले आणि गेले.

हे वाक्य मी कुणाला सांगितलेलं नाही. मुंगी शाळेत गेली होती. खोलीत मी, हे आणि गार इस्त्री. आणि मावशीने ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. संध्याकाळी नाही आलात तरी चालेल, असं म्हणालीस ना, कात्री? मी तिथेच बसले. त्या दिवसापासून बसलेलीच आहे.

आता तुमच्या सेनापतीच्या नोकरांना विचारा, तिला हे कुणी सांगितलं. उत्तर आलं तर पुढचं पत्र लिहा. नाही तर भीक नको पण कुत्रं आवर.

भावजय


ता. ९ मार्च

माझ्या भावजयीला,
नमस्कार. आशीर्वाद द्यायची लायकी या पत्रात नाही.

तिला मी सांगितलं.

तो गेल्यावर नवव्या दिवशी ती पाववाली मलाही तिथे घेऊन गेली होती. मुलांना शिकवणारी मी, त्याच फुलांच्या पडद्यासमोर बसले. एकदा त्याचा आवाज ऐकायचा होता, बस. ती काही विचारायच्या आधीच मी रडत रडत सगळं ओकले. कात्री. शर्ट. ते वाक्य. मग तिने डोळे मिटले आणि माझंच मला परत सांगितलं, जाड आवाजात. मी घाबरून जिना उतरले ती मागे वळले नाही. दीड महिन्यात इथली नोकरी धरली. तुम्हाला वाटलं, भावाच्या दुःखाने गाव सोडलं. लाजेने सोडलं.

तू विचारशील, मला कसं माहीत. तो त्या सकाळी तुझ्याकडून निघून माझ्याकडे आला होता. कामाच्या वाटेवरच माझी खोली. चुरगळलेला शर्ट बघून मी इस्त्री तापवायला लागले, तर नको म्हणाला. म्हणाला की दिवसभर असाच हिंडतो, संध्याकाळी हाच घालून तिच्यासमोर उभा राहतो, म्हणजे तिला लाज वाटेल आणि मग हसेल. तू फेकलेलं वाक्य त्याने मला तुझी नक्कल करत सांगितलं, कमरेवर हात ठेवून. चहा सांडेपर्यंत हसत होता. म्हणाला की नाही आलात तरी चालेल म्हणते, आज तासभर लवकरच जातो आणि कात्रीचं तोंड बघतो.

शेवटचं तेवढंच. रागाचा एक शब्द नव्हता.

हे मी तुला तीन वर्षं सांगितलं नाही, कारण हे सांगायचं तर त्या जिन्याचंही सांगावं लागलं असतं. तू तिथे जातेस हे मला माहीत नव्हतं, असं लिहिणार होते. खोडलं. संशय होता. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच कळलं होतं, आणि तरी तुझ्यावर ओरडले. चोराच्या उलट्या बोंबा. प्रभू मला रोज एकच सांगत होता, तिला लिही. मी ऐंशी मुलींना शिस्त लावली आणि एक हुकूम पाळला नाही. दोरी तिने दिली, गाठ तू मारलीस असं लिहिलं होतं. दोरी माझी होती.

तुझी नणंद, जर ठेवलीस तर


ता. ११ मार्च

वन्सं,

नमस्कार नाही.

तीन वर्षं. दीडशेच्या वर गुरुवार. त्या बाईचे मळके अभ्रे हातात घेऊन मी तो जिना उतरले आहे, आणि जे ऐकायला चढत होते ते तुमच्या खिशात होतं. माणूस हसत गेला होता. माझ्याकडे यायला तासभर आधी निघणार होता. हे तुम्ही गिळून बसलात, कशासाठी, तर आपलं तोंड मळू नये म्हणून.

तुमचं पत्र मी ड्रममध्ये टाकणार होते, उकळत्या सोड्यात. हात तिथपर्यंत गेला. मग त्यातली ती तीन ओळींची नक्कल आठवली आणि पत्र परत पोलक्यात खोचलं. तेवढ्या ओळींसाठी. तुमच्यासाठी नाही.

उत्तर पाठवू नका.


ता. १६ मार्च

भावजयीला,

उत्तर नाही, फक्त एक गोष्ट. इथल्या पाळकांना मी सगळं सांगितलं, आणि रविवारी मंडळीसमोरही सांगितलं, उभं राहून, तुझं नाव न घेता, माझं घेऊन. मेट्रनची खुर्ची राहील की नाही ते पुढच्या आठवड्यात कळेल. नाही राहिली तरी खिडकीजवळची खाट मुंगीची आहे, तेवढी सोय मी वरच्यांशी बोलून ठेवली आहे.

माफी मागत नाही. मागितली की तुला द्यावी लागेल, आणि तो आणखी एक बोजा. तुझ्यासाठी प्रार्थना करते. तीही तुला नको असेल तर कळव, हळू आवाजात करेन.

नणंद


ता. २४ मार्च

ती. वन्संना,
नमस्कार. (कोरडा आहे, पण आहे.)

हळू आवाजातल्या प्रार्थनेचं वाचून हसू आलं. त्याचाही राग आला. राग आला असताना माणसाला हसवू नये.

आता जे झालं ते क्रमाने सांगते.

तुमचं ते पत्र आलं आणि मावशी खोटी हे मला स्वच्छ कळलं. मला वाटलं, सुटले. घरी गेले, पेटी उघडली, बादली भरली, साबण घेतला. आणि हात पाण्यात जाईना. डोक्याला कळलं होतं, हाताला कुठे कळतंय. हजारो कपडे धुतलेला हात तो, बादलीच्या काठावर अडकला. कानात एकच, वर्षाच्या आत, वर्षाच्या आत. पाणी ओतून दिलं. असं चार दिवस. मला वाटलं होतं की खोटं उघडं पडलं की दोरी आपोआप गळते. गळत नाही. कळल्यावर तर जास्त काचते.

पाचव्या दिवशी, शनिवारी, कामावर असताना दोन मुकादमांची आठवण झाली. मागे एकदा आमच्या लॉन्ड्रीत महिनाभर दोन मुकादम होते. एक म्हणायचा सोडा घाल, दुसरा म्हणायचा घालशील तर याद राख. शेवटी चादरी फाटल्या आणि बोलणी आम्ही खाल्ली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी रविवारी एकाची आणि गुरुवारी दुसरीची. तीन वर्षं. फाटणार नाही तर काय.

मी तिथेच, ड्रमच्या आवाजात, प्रभूशी बोलले. सरळ भांडले. म्हटलं, मला तुझाही राग आलाय. वन्संना तीन वर्षं टोचत होतास तर आणखी जोरात का नाही टोचलंस? यांना आणखी पाच तास का नाही दिलेस?  भांडता भांडता एक कळलं, की मावशीशी मी असं कधी भांडले नव्हते. तिथे मला भीती वाटायची. इथे मी कमरेवर हात ठेवून उभी होते आणि मला कुणी हाकलत नव्हतं. मग म्हटलं, ठीक आहे. मालक एकच. आजपासून मी त्या बाईची नाही, त्या शर्टाचीही नाही. पोरगीसुद्धा तुझी. तू सोड म्हणतोस तर सोडते, भीत भीत सोडते, पण सोडते.

घरी आले आणि धुतला.  पाणी आधी पिवळं, मग काळं, मग स्वच्छ. ग्रीसचा डाग गेला नाही. घाम गेला. दोरीवर टाकला तेव्हा तो एक साधा शर्ट होता, एका बाहीवर डाग असलेला. मी खाली बसून रडले. तीन वर्षांत पहिल्यांदा यांच्यासाठी रडले. आधीचं सगळं रडणं माझ्या स्वतःच्या भीतीचं होतं.

मुंगीला सगळं सांगितलं. ती म्हणाली की एवढंच होतं तर मी कधीच धुतला असता. आजकालच्या पोरी.

आता पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी रविवारी संध्याकाळी मुंगीला ताप भरला. एकशे तीन.

अर्ध्या तासात पाववाली दारात. तिला शेजारणीकडून कळलं असणार, पण त्या वेळी तसं सुचतं का? मावशीचा निरोप असा की शर्ट धुतला असला तरी घेऊन ये, अजून उपाय आहे. वन्सं, तुमच्याशी खोटं का बोलू, मी चपला घातल्या. शर्ट काखेत धरला. उंबऱ्यापर्यंत गेले. आत पोरगी कण्हत होती.

मग चपला काढल्या. पाववालीला म्हटलं की बाई, तुझा पाव चांगला असतो, तेवढाच विक. या घरात आता येशू मालक आहे. पोरगी वाचवली तर तो वाचवेल, आणि नेली तर त्याच्याशी मी भांडेन, तुझ्या मावशीला मध्ये घेणार नाही. आणि दार लावलं. माझ्या तोंडून एवढं मोठं वाक्य कसं निघालं मला माहीत नाही. मग आत जाऊन पोरीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली.

डॉक्टर म्हणाले की घसा आहे, इस्पितळात निम्म्यांना आहे. मीच आणला असणार, चादरींतून. ताप चार दिवस होता. दुसऱ्या दिवशी, ताप तसाच असताना, मी नर्सिंगच्या शाळेचा फॉर्म भरला, पालक म्हणून सही केली आणि टपालपेटीत टाकून आले. ताप उतरल्यावर टाकला असता तर ते ऐकणं झालं नसतं, नुसता हिशेब झाला असता. उतरला गुरुवारी. गुरुवारीच उतरला, हा त्याचा विनोद असावा. मला आवडला.

मावशीच्या चादरी आणि अभ्रे माझ्याकडे होते. बोळा करून तिच्या जिन्यात फेकायचे होते. नाही फेकले. शेवटचे धुतले, रोलरवर काढले, घडी घातली आणि पाववालीच्या हाती दिले. वर चिठ्ठी लावली की मावशी, इथून पुढे तुमच्या चादरी तुम्ही धुवा, वाटलं तर दुपारच्या वेळी लॉन्ड्रीत येऊन बसा, धुवायला शिकवीन, आणि ज्याने मला सोडवलं त्याचंही सांगीन.  येईल असं वाटत नाही. पण निरोप खरा आहे.

मुंगी एकतीसला निघते. सकाळची गाडी आहे. स्टेशनवर या, आणि चष्मा पुसून या.

तुमच्याबद्दल. माझा राग गेलेला नाही. सकाळी उठले की आधी तुमचं तोंड आठवतं आणि दात आवळले जातात. मग प्रभूला म्हणते, चल, आज परत सोडते. चादरीसारखं आहे हे, आज धुतली म्हणून उद्या मळायची थांबत नाही. रोज धुते. उद्याही धुवीन. तुमच्या खुर्चीचं काय झालं ते लिहा.

आशीर्वाद पाठवायचे असतील तर पाठवा, आवळलेले चालतील.

तुमची भावजय


ता. १ एप्रिल

माझ्या भावजयीला,
अनेक आशीर्वाद, मोकळे.

मुंगी पोचली. खिडकीजवळच्या खाटेवर बसून आताच माझ्या चुका काढते आहे. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाली की आईने सांगितलंय, आत्या रडली तर रडू दे, थांबवू नकोस. मी रडले. तिने थांबवलं नाही. गुणी पोर आहे.

खुर्ची राहिली. वर्षभर मुलांना शिकवायचं मात्र बंद. बरोबर आहे. मी मागच्या बाकावर बसून ऐकते. फार वर्षांनी ऐकते आहे.

तो शर्ट तू काय केलास? विचारायला धीर होत नव्हता, पण विचारते. एकदा हातात घ्यायचा होता.

तुझी नणंद


ता. ९ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि. (‘सा’ आता तुम्हाला हवा तसा धरा.)

शर्ट तुम्हाला मिळणार नाही. रागाने म्हणत नाही, ऐका.

धुतला, वाळला, मग मी इस्त्री तापवली. त्या सकाळी जी केली नव्हती ती केली. कॉलर, खांदे, बाह्या, सगळी. बटण लावलं. घडी घालून समोर ठेवला आणि बघते तर माझा हात पेटीकडे निघालेला. तुम्हाला पाठवायचा विचार आला होता, मग वाटलं की तुम्ही तिथे पेटीत ठेवाल. आपण दोघी एकाच मातीच्या. म्हणून दोघींनाही नको.

यांना एक पत्र लिहावं असंही मनात आलं होतं. पण मेलेल्यांशी बोलणं मी बंद केलंय, आणि त्यांना सांगण्यासारखं जे होतं ते कुणापर्यंत पोचवायचं हे प्रभू बघून घेईल. तो माझ्यासारखा तीन वर्षं लावणार नाही.

आमच्या लॉन्ड्रीत बॉयलरवर एक म्हातारा आहे. अंगापिंडाने यांच्याएवढाच. त्याचा शर्ट पाठीवर जळला होता. शुक्रवारी मी तो निळ्या चौकडीचा त्याला दिला. त्याने ग्रीसच्या डागावर बोट ठेवून विचारलं की हा जात नाही का. मी सांगितलं की नाही जात, एका कामाच्या माणसाचा आहे, राहू दे. तो म्हणाला की बरंय, नवा पडला तरी कळणार नाही. आणि घालून बॉयलरकडे गेला. पाठमोरा बघवला नाही मला. एक मिनिट. मग रोलर सुरू झाला आणि चादर पुढे सरकली.

सोमवारी कामगारांचे कपडे धुवायला येतात. गठ्ठा सोडला तर वरून तिसरा तोच. कोळशाने काळा, घामाने ओला, दुसऱ्याच माणसाच्या वासाचा. हातात घेतला. पुढच्या बाईने ओरडून विचारलं की थांबलीस का, ड्रम भरायचाय.

टाकला. बाकीच्या कपड्यांत.

लोभ आहे, तो रोज धुऊन वापरतेय.

तुमची,
कात्री